मदत हवी आहे: डुइसबुर्गच्या बंद भट्टीवर रात्रीचे फोटो हलतात

नमस्कार मंडळी. सध्या मुक्काम जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला. इथून जवळच डुइसबुर्गला १९८५ साली बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आहे. आता त्याचं उद्यान झालंय. चोरून कुंपण ओलांडायची भानगड नाही, तिकीटही नाही, रात्री-अपरात्री कधीही जा. गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरून लोक चक्क डायव्हिंग करतात!

मागच्या शनिवारी पाच नंबरच्या झोतभट्टीवर (लोखंड गाळायची उंच भट्टी) चढलो. अंधार पडला की धुराडी आणि पाइप हिरव्या, निळ्या, लाल दिव्यांनी उजळतात. पण वरचा सगळा मार्ग लोखंडी जाळीचा. ट्रायपॉड लावून २० सेकंदांचं एक्स्पोजर सुरू केलं (म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं) की नेमकं कोणीतरी जिन्यावरून धाडधाड उतरतं आणि जाळी थरथरते. चाळीस फोटोंतले जेमतेम तीन धड आले. त्यात ट्रायपॉडचा एक पाय जाळीच्या भोकात गेला तो वेगळाच. (कॅमेरा वाचला, बायकोची बोलणी नाही.)

तर विचारायचं असं की ट्रायपॉडच्या पायांखाली रबर किंवा लाकडी फळी ठेवून फरक पडतो का? की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० वर नेऊन तीन-चार सेकंदांचे बरेच फोटो काढावेत आणि नंतर एकत्र करावेत? दुसरं म्हणजे लाल दिव्यात गंजाचा पोतच दिसत नाही, सपाट लाल डाग येतो. मला तर त्या गंजासाठीच जायचंय. फोटो रॉमध्येच (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढतो. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर बरं होईल.