माईकच्या ध्वनिमुद्रणातली अखंड खरखर कशी घालवावी?

प्रश्न
सप्रेम नमस्कार. इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी वडिलांची कीर्तनातली आख्याने मी ध्वनिमुद्रित करीत आहे. डेस्कटॉपच्या मागील गुलाबी खाचेत हेडफोनसोबतचा साधा माईक जोडून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या संगणक-प्रणालीत मुद्रण करतो. परंतु एखादी साकी म्हणून वडील थांबले, की मागे ‘सूऽऽ’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. पंखा बंद करून, खिडक्या लावूनही तो जात नाही. वडिलांचा आवाज आता क्षीण झाल्यामुळे मायक्रोफोन बूस्ट (माईकचा संकेत वाढवणारी संगणकातील सोय) ३० डेसिबलवर ठेवावा लागतो. हा आवाज मुळातच टाळता येईल का?

उत्तर १
पंखा बंद करूनही जो आवाज राहतो, तो बहुधा खोलीतला नसून माईक आणि संगणक यांच्या मंडलातलाच असतो. मदरबोर्डवरील ध्वनिविभाग इतर विद्युत मंडलांच्या अगदी शेजारी काम करतो, आणि ३० डेसिबलचा बूस्ट म्हणजे विद्युतदाब सुमारे ३२ पट करणे. त्यात वडिलांच्या आवाजाबरोबर हा गोंगाटही तेवढाच वाढतो. म्हणून बूस्ट १० वर आणावा आणि माईक जवळ घ्यावा. अंतर निम्मे झाले, की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने वाढते आणि मंडलातला गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. माईक तोंडाच्या थेट समोर न धरता किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत त्यावर आदळणार नाही. शक्य असल्यास यूएसबी माईक घ्यावा, कारण त्यात ध्वनीचे अंकीय रूपांतर माईकमध्येच, संगणकाच्या पेटीबाहेर होते.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे. झालेल्या मुद्रणासाठी ऑडॅसिटीतील ‘नॉइज रिडक्शन’ वापरावे: ज्यात केवळ खरखर आहे असा तुकडा निवडून नमुना घ्यावा, नंतर संपूर्ण मुद्रण निवडून परिणाम लावावा. मात्र खरखरीची कपात १२ डेसिबलपर्यंत न नेता मी ६ ते ८ च सुचवीन. ‘स’, ‘श’ यांची ऊर्जा खरखरीच्याच उच्च कंप्रतांमध्ये असते, त्यामुळे जास्त कपात केली की शब्द बोथट होतात आणि मागे धातूसारखा झणकार उरतो. ‘नॉइज गेट’ (ठरावीक पातळीखालचा आवाज दाबून टाकणारा परिणाम) तर आख्यानाला मुळीच लावू नये; दोन चरणांमधली शांतता त्यामुळे कापून काढल्यासारखी भासते आणि कीर्तनात त्या विरामालाही अर्थ असतो.

प्रश्नकर्ता
बूस्ट १० करून माईक हनुवटीजवळ आणला; खरखर आता कान देऊन ऐकली तरच जाणवते. जुनी आख्याने मात्र पुन्हा म्हणून घेणे वडिलांना झेपणार नाही.

उत्तर २
मग ती मुद्रणे जशीच्या तशी डब्ल्यूएव्ही (ध्वनी सहसा न दाबता साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात दोन ठिकाणी जपून ठेवावीत आणि सफाई केवळ प्रतींवर करावी.