सल्ला हवा: रात्रीची लाईट, पंपाची खोली आणि मोबाईलवरचे तसले व्हिडिओ. सोडायची सुरुवात कुठून करू?

केळीवाला_चोपडा
नमस्कार मंडळी. वय २९, चोपडा तालुका, केळी आणि थोडा कापूस. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलीय. आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची असली की मोटर चालू करून पंपाच्या खोलीत थांबावं लागतं, दर दोन तासांनी ड्रिपचा व्हॉल्व्ह फिरवायचा. मधल्या वेळात खाटेवर पडून तसले व्हिडिओ आणि पुढचं सगळं. आधी रात्रीपुरतं होतं, आता दुपारीही हात मोबाईलकडे जातो. ठरवतो, पाळलं जात नाही. बाळ घरी येण्याआधी यातून बाहेर पडायचंय.
अटी: महिन्याला ५०० रुपयांच्या वर खर्च नको. स्मार्टफोन सोडता येत नाही, केळीचे भाव आणि व्यापाऱ्यांचे फोन त्यावरच येतात. आठ-दहा दिवस कुठे जाणं शक्य नाही. घरात कळू नये.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेत आहे, रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या मुक्कामाच्या खोलीत, एकट्याने रात्री काढलेल्या माणसाला हे सांगायला नको. असल्या साइट बंद करणारं, पैसे भरून घ्यायचं ब्लॉकर ॲप घे, वर्षाचं एकदम. चार हजाराच्या आसपास जातात. खिशातून पैसे गेले की माणूस सरळ होतो, फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही. मी घेतलं, आजही चालू आहे.

आप्पा_अमळनेर
अरे भो, रात्री शेतात जातोसच कशाला? मोबाईल स्टार्टर बसव. घरून फोन लावला की मोटर चालू. आमच्या दोन्ही विहिरींवर आहेत. खोलीच नाही तर खाट नाही, खाट नाही तर पुढचं काही नाही.

तापीकाठ
आप्पा, स्टार्टरने मोटर चालू होईल, व्हॉल्व्ह कोण फिरवेल? त्याने लिहिलंय ते वाचा की. शिवाय आमच्या शिवारात केबल चोरीला जाते, रात्री माणूस लागतोच. माझा स्टार्टर एका फेज गेल्यावर जळाला, दुरुस्तीवाला महिना झाला येतोय.

आप्पा_अमळनेर
स्वस्तातला घेतला असशील. आणि व्हॉल्व्हसुद्धा ऑटोमॅटिक मिळतात.

रावेर_सोलर
मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत अर्ज टाक. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५. दिवसा पाणी, रात्री झोप. आमच्याकडे बसल्यापासून रात्रीची जाग बंद झाली. माणूस रात्री झोपला की निम्मे विकार आपोआप कमी होतात, हा माझा अनुभव आहे.

केळीवाला_चोपडा
सोलरचा विचार डोक्यात आहे, पण हिस्सासुद्धा हजारांत जातो. ५०० म्हटलंय दादा. आणि पंप बसेपर्यंत काय करू?

साधक_जामनेर
ब्रह्मचर्य हाच उपाय. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब. पहाटे गार पाणी, रात्री दूध बंद, आणि इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर. फी नाही, मोबाईल जमा करून घेतात. मी जाऊन आलोय, माणूस नवा होऊन येतो.

बोदवडचा_दादा
चाळीस थेंबांच्या भीतीवरच माझे पैसे गेले भाऊ. भिंतीवरची जाहिरात वाचून एका दवाखान्यात गेलो. नाडी बघितली, ‘नसा ढिल्या पडल्या’ म्हणाला, पुड्या दिल्या, दर आठवड्याला नवीन पुडी आणि नवीन भीती. सवय होती तिथेच राहिली, वर डोक्याला ताप. तिकडे एक रुपया देऊ नको. हे मी जीव तोडून सांगतोय.

समुपदेशक_धुळे
बोदवडच्या दादांना पूर्ण दुजोरा. वीर्य शरीर सतत तयार करत असतं, ते गेल्याने रक्त कमी होत नाही, नसा ढिल्या पडत नाहीत. हस्तमैथुन हा रोग नाही. ही भीती आधी काढा, कारण भीती वाटली की माणूस ती विसरायला पुन्हा मोबाईलकडेच जातो. रोजच्या कामात मला हे चक्र सारखं दिसतं.
मग आजार कधी म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. त्यात लैंगिक वर्तनावर ताबा न राहणं हा विकार नोंदवला आहे. त्याची खूण अशी: सहा महिने किंवा जास्त काळ आवर घालता येत नाही, काम, तब्येत, नाती यांची आबाळ होते, मजा येईनाशी झाली तरी सुटत नाही. ‘मी पापी आहे’ एवढंच वाटत असेल, तर तेवढ्यावर तो विकार ठरत नाही, असंही तिथे लिहिलं आहे. केळीवाले भाऊ, तुमची दुपारही त्यात जायला लागली आहे, म्हणून वेळेवर विचारलंत हे चांगलं केलंत.
१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पुढे गरज वाटली तर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरच्या पैशात काम होतं. विचारांची सवय बदलणारं समुपदेशन हा मुख्य उपचार. गोळ्या लागल्या तर त्या डॉक्टर ठरवतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, घरी चिठ्ठी जात नाही.

भुसावळ_जंक्शन
ओपीडीत ओळखीचं कोणी भेटलं म्हणजे? म्हणून ॲपच बरं.

संगणक_पाचोरा
चार हजार कशाला? अँड्रॉइड ९ किंवा त्याच्या पुढचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोध, त्यात फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम एवढं इंग्रजीत टाइप कर. बहुतेक साइट बंद पडतात, पैसे शून्य, व्हॉट्सॲप आणि भाव चालू. टेलिग्रामचे ग्रुप यात अडकत नाहीत, तिथून हाताने बाहेर पडायचं.

तापीकाठ
ज्याने लावलं तोच काढणार. सरकारने २०१८ मध्ये ८२७ साइट बंद करायला लावल्या, कोणाचं अडलं? लोक व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवणारं ॲप, टाकून मोकळे.

समुपदेशक_धुळे
काढता येतं, मान्य. पण काढायला लागणारी ती दोन मिनिटंच कामाची. इच्छा चढते आणि तिला काही खाऊ घातलं नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ तिच्याशी भांडत बसू नका. छातीत, पोटात काय होतंय ते बघत खोलीबाहेर उभे राहा. खाटेवर पडून हे जमणार नाही, कारण खाट, अंधार आणि मोबाईल यांची सांगड डोक्यात पक्की झाली आहे. खाट बाहेर काढा, स्टूल ठेवा. मोबाईल स्टार्टरच्या पेटीवर चार्जिंगला, हाताच्या टप्प्याबाहेर. व्हॉल्व्हसाठी साधं गजराचं घड्याळ आणा. भूक, राग, एकटेपण, थकवा, यातलं काय होतं म्हणून हात गेला, ते वहीत एका ओळीत लिहा. आठवडाभरात तुमची वेळ तुम्हालाच सापडेल.

बोदवडचा_दादा
आणि भाकरी बांधून ने. उपाशीपोटी रात्र काढू नको.

साधक_जामनेर
पण दिवस मोजायला पाहिजेत. कॅलेंडरवर फुली मारायची.

समुपदेशक_धुळे
ज्यांना जमतं त्यांनी मोजावे. मी सुरुवातीच्या माणसाला सांगत नाही. एकदा मोडलं की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून तो रात्रभर बघत बसतो. एकदा घसरणं वेगळं आणि त्यानंतर रात्रभर बघणं वेगळं. दुसरं टाळलं तरी मोठी कमाई.

शिरपूर_४५अंश
विषय निघालाय म्हणून: अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल उचलू नका. समोरून रेकॉर्डिंग करून पैसे मागतात. आमच्या गावात एक पोरगा घाबरून देत गेला. पैसे देऊ नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. आणि लहान मुलांचं काही ग्रुपवर आलं तर ते ठेवणं, पुढे पाठवणं सरळ गुन्हा आहे.

नंदुरबारची_ताई
भाऊ, बायकोच्या बाजूने लिहिते. माझ्या नवऱ्याचं मला त्याच्या मोबाईलवरून कळलं. व्हिडिओचं दुःख झालं, त्याहून जास्त हे की माझ्यातच काही कमी आहे असं मी कितीतरी दिवस धरून बसले होते. तिला सांगा. आत्ता नाही, बाळंतपण होऊ द्या, ती सावरू द्या. पण तुम्हीच सांगा, मोबाईलने सांगायच्या आधी.

भुसावळ_जंक्शन
ताई, आपल्याकडे असं कोणी बायकोला सांगत नाही. संसार मोडायचा.

नंदुरबारची_ताई
माझा मोडला नाही. तो पुढे समुपदेशनाला गेला, दोनदा मीही सोबत गेले. लपवण्याने मोडत आला होता.

आप्पा_अमळनेर
बायकोचं पुढे बघ. पण गावात, भाऊकीत कोणालाही सांगू नको. पारावर विषय गेला की संपलं.

तापीकाठ
हे आप्पांचं बरोबर. भाऊकी तर नकोच.

रावेर_सोलर
सहमत. गावात तोंड बंद. आणि अर्ज टाकून ठेव.

केळीवाला_चोपडा
सगळ्यांचे आभार मंडळी. काय केलं ते सांगतो. ॲप घेतलं नाही, डीएनएसही लावलं नाही, ते काढायला मला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. १४४१६ ला शेतातूनच फोन लावला, फोनवरच्या ताईंनी नाव-गाव खोदून न विचारता शांतपणे ऐकलं. पुन्हा बोलणार आहे. खाट घरी आणली. घड्याळ दीडशेला मिळालं.
आणि तुम्ही सगळे नको म्हणालात तरी भाऊकीतच सांगितलं. शेजारच्या बांधावर चुलतभावाचा बाग आहे, त्याचीही लाईट त्याच पाळीची. आम्ही एका ताटात वाढलो, माझ्यासाठी तो अनोळखी डॉक्टरापेक्षा सोपा. ऐकून गप्प बसला, मग म्हणाला, ‘काळजी नको करू, व्हई जाई समदं.’ आता रात्रीच्या पाळीला दोघं त्याच्या खोलीत बसतो, माझा फोन त्याच्या खिशात. व्हॉल्व्ह दोघं मिळून फिरवतो. बायकोला बाळंतपणानंतर सांगेन, नंदुरबारच्या ताईंचं म्हणणं पटलं.

नंदुरबारची_ताई
चांगला भाऊ मिळालाय. तो लग्नाकार्याला बाहेर गेला की त्या रात्री काय करायचं, तेही त्याच्याशी आत्ताच ठरवून ठेवा.

समुपदेशक_धुळे
ताईंनी नेमकं सांगितलं. एकट्याच्या रात्रीचा बेत वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या फोनवर तोच विषय घ्या.

शिरपूर_४५अंश
आप्पा, तुमचा तो मोबाईल स्टार्टर कोणत्या कंपनीचा? एक फेज गेल्यावर बंद पडतो का?