केमोच्या आधी मुलाबाळांचा विषय काढायलाच हवा का?

रानजाई: मावसबहिणीला 24 व्या वर्षी लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) झाला, तो उलटला, मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट. आज ती ठणठणीत आहे पण उपचारांनी अंडाशयाला बाधा होऊन पाळी गेली ती गेलीच, आणि तिने आधी बीजं गोठवून ठेवली नव्हती. तिला राग कॅन्सरचा नाहीये, आधी कुणी एका शब्दाने बोललं नाही याचा आहे. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि हल्ली इंजेक्शनं पाळीच्या कुठल्याही दिवसापासून सुरू करता येतात. माझं मत, विषय डॉक्टरांनीच काढायचा, पेशंट विचारेल म्हणून थांबायचं नाही.

उंटावरचा शहाणा: दोन आठवडे म्हणायला सोपं आहे हो. माझ्या भावाला अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर होता, रिपोर्ट आल्यावर दोन दिवसांत केमो चालू. आधी जीव, बाकीचं नंतर बघू.

रानजाई: भाऊ ना? मग दोन आठवडे कशाला, वीर्य गोठवायला एक दिवस पुरतो. उणे 196 अंशाच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं.

उंटावरचा शहाणा: 17 वर्षांचा होता तो. 103 ताप आणि उशाशी आई बसलेली. कसं आणि कुणी सांगायचं त्याला?

चष्मेबद्दूर: दोघंही सगळे कॅन्सर एका मापाने मोजताय. सायक्लोफॉस्फमाइड, बुसल्फान ही औषधं अंडाशयाला जास्त बाधतात, काही केमोत धोका बराच कमी असतो, त्यामुळे आधी औषध कुठलं ते बघा. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बीजं काढताना इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढू नये म्हणून लेट्रोझोल नावाचं औषध देतात, म्हणजे तोही विचार झालेला आहे. वयात न आलेल्या मुलींची बीजं अशी काढता येत नाहीत, तिथे अंडाशयाचा तुकडाच दुर्बिणीने काढून गोठवतात. असा तुकडा परत बसवून पहिलं बाळ 2004 मध्ये बेल्जियममध्ये झालं. पण ल्युकेमियात त्या तुकड्यातून कॅन्सरच्या पेशी परत अंगात जायची भीती असते, तेव्हा शहाणेंची घाई अगदीच चूक नाही.

सातवी माळ: आणि लहान मुलगे? त्यांच्या वृषणाचा तुकडा गोठवतात ते अजून प्रयोगच आहे. सहा वर्षांच्या पोराच्या अंगावर आईबापाने आशेपायी आणखी एक ऑपरेशन का लादायचं, मला नाही पटत. मोठ्यांना जरूर विचारा, त्यांचं त्यांना ठरवता येतं.

रानजाई: अहो लादा कोण म्हणतंय, विचारा म्हणतेय. नाही म्हणायचा हक्कसुद्धा विचारल्यावरच मिळतो ना. आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना वेळ नसेल तर समुपदेशक पाठवा, आईला दहा मिनिटं बाहेर बसवा, होतं सगळं.

उंटावरचा शहाणा: गोठवण्याचा फॉर्म वाचलाय का तुम्ही? पेशंट दगावला तर गोठवलेल्या नमुन्याचं काय करायचं, हे त्यालाच लिहून द्यायला लावतात. सलाईन लावलेल्या पोराच्या हातात तो कागद तुम्ही देऊन बघा, मग बोलू.

रानजाई: देईन. बहिणीला कुणी दिला असता तर तिने भरला असता.