प्रथमोपचार शिकायचे आहेत, मदत हवी आहे
परवा आमच्या चौकात गाडी थेट पादचाऱ्यांवर चढली. अजून हात थरथरतात. पण त्याहून जास्त आठवतात ती धावून आलेली माणसं. कुणी रुमालाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरली, कुणी वाहतूक अडवली, एका मुलीने जखमीची मान हलू दिली नाही आणि ती त्याच्याशी सतत बोलत राहिली. ओळखदेख काही नाही! फार धीर आला.

मलाही असं उपयोगी पडायचंय. श्वास थांबलेल्याच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्यायचा, हे वाचलंय. पण सरावाशिवाय हात बसणार नाही. कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का? किती वेळ लागतो? आणि हो, अपघात पाहिलेली मुलं रात्री दचकून उठतात, त्यांच्याशी काय बोलावं?