शिवछत्रपतींच्या डच छापचित्राखाली ‘समकालीन’ असे लिहावे का?

धागाकर्ता, शिवाजी पेठ :
पेठेतील एका वाचनालयात शिवछत्रपतींच्या डच छापचित्राची मोठी प्रत लावण्याचे ठरले असून, तिच्याखाली ‘महाराजांचे समकालीन चित्र’ असा मजकूर घालण्याचा प्रस्ताव आहे. चित्र अवश्य लावावे, पण या मजकुराला माझा स्पष्ट विरोध आहे. महाराजांचे निधन 1680 मध्ये झाले, आणि हे चित्र फ्रांस्वा व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाच्या ग्रंथात 1724 ते 1726 या काळात छापले गेले. तेव्हा साताऱ्यास शाहू महाराज, आपल्या कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजी महाराज आणि पेशवेपदी पहिले बाजीराव होते. त्या काळच्या छापील पानाला शिवकाळातले म्हणणे मला पटत नाही.

पन्हाळकर :
आपण छपाईचे वर्ष आणि मूळ चित्राचे वर्ष एकच धरत आहात. छपाईसाठी तांब्याचा पत्रा कोरणारा कारागीर समोर चित्र ठेवून कोरतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्यात राजे-सरदारांच्या लघुचित्रांचे संच तयार होत आणि डच लोक ते हौसेने नेत; महाराजांचे चित्र असलेला तसा एक संच ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आजही आहे. शिवाय 1677 मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीसाठी महाराज स्वतः भागानगरला (आजच्या हैदराबादला) गेले होते, त्यामुळे तिथल्या चिताऱ्यांना त्यांचे दर्शन घडणे सहज शक्य होते. एखाद्या मोडी पत्राची नक्कल चाळीस वर्षांनी झाली, म्हणून मूळ पत्रही आपण चाळीस वर्षांनी पुढे ढकलतो का?

धागाकर्ता :
ढकलत नाही; पण नकलेवर ‘नक्कल’ असेच लिहितो, आणि माझी मागणी नेमकी तेवढीच आहे. इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे कित्येक वर्षे छापले जात होते, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ती चूक दाखवून दिली. चित्राखालच्या ओळीवर लोक विश्वास ठेवतात, म्हणूनच ती ओळ जपून लिहावी लागते.

कलाशिक्षिका, मंगळवार पेठ :
तंत्राची एक बाब इथे सुटते आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आकृती कागदावर उलटी उमटते, म्हणून चित्र पत्र्यावर उलटे करून घेतले नसेल, तर चेहऱ्याची दिशाच बदलते. लघुचित्रातली रंगाची नाजूक छटाही छापचित्रात समांतर आणि छेद देणाऱ्या बारीक रेषांनी दाखवावी लागते, आणि त्या रेषांना युरोपीय हाताचे वळण असतेच. टोकदार दाढी आणि बाकदार नाक या प्रवासातही टिकते. नजर किती टिकते, याची मला शंका आहे, आणि आपण तर चित्रात सर्वांत आधी नजरच शोधतो.

पन्हाळकर :
नजरेचा मुद्दा मान्य. छपाईचे वर्ष ठळकपणे लिहावे, यालाही माझी हरकत उरलेली नाही. मात्र नुसते ‘1724–26’ वाचून शाळकरी मुले हे चित्र कल्पनेने काढलेले समजतील. ‘गोवळकोंडा परंपरेतील चित्रावरून’ एवढे शब्द त्या ओळीत असलेच पाहिजेत, त्यावर मी ठाम आहे.