बॅरल (नळी) बदलता येणाऱ्या रायफलची अचूकता नक्की तपासायची कशी? (पॉईंट टूटू म्हणजे ०.२२ इंची गोळीची, ५० मीटर)

प्राजक्ता_थ्रीपी:
नमस्कार मंडळी, मी पुण्याची, ५० मीटर थ्री पोझिशन नेमबाजी करते (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभ्याने), बालेवाडीला प्रॅक्टिस. माझी रायफल युरोपियन बनावटीची आहे, क्लॅम्पची, म्हणजे ॲक्शनखालचे (बोल्ट बसतो त्या मधल्या भागाखालचे) स्क्रू सैल केले की बॅरल पुढे ओढून काढता येतं आणि दुसरं घालता येतं. जुन्या बॅरलमधून भरपूर गोळ्या गेल्यात म्हणून यंदा नवीन बॅरल घेतलं (लायसन्सवर नोंद वगैरे सगळं रीतसर झालंय, ते आधीच सांगते). आता घोळ असा झालाय की नवीन चांगलं का जुनं चांगलं हेच कळेना.

गेल्या रविवारी बेंचवर सँडबॅग ठेवून पाच-पाच शॉटचे चार ग्रुप मारले (ग्रुपचं माप म्हणजे टोकाच्या दोन शॉटमधलं अंतर), कागदाच्या टार्गेटवर, दोन्हीला एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या. जुनं बॅरल १२, १३, १६, १० मिमी. नवीन ११, १७, ९, १४. तो ९ चा ग्रुप बघून आमचे सर म्हणाले बघ नवीन बॅरल कसलं भारी आहे, आणि माझी मैत्रीण १७ वाला बघून म्हणाली की हे परत पाठव. शिवाय नवीन लावल्यावर ग्रुप सरळ डावीकडे खाली ९ मिमी सरकला, आणि परत जुनं लावलं तर तेही आधीच्या जागेवर आलं नाही!! स्पर्धा दीड महिन्यावर आहे आणि गोळ्या किती महाग आणि किती मिनतवारीने मिळतात ते इथल्या सगळ्यांना माहितीय, त्यामुळे उगाच उडवायच्या नाहीयेत. कृपया ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

आर्मरर_सातारा:
ताई, मी फौजेत २२ वर्षं आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्तीचं काम केलं, तुमची स्पर्धेची रायफल माझ्या हाताखालची नाही पण बॅरल बसवणं शेवटी बॅरल बसवणंच. तुमच्या सगळ्या लिहिण्यात मला एकच वाक्य टोचलं, जुनं परत लावल्यावर ते आधीच्या जागी आलं नाही. त्याचा निकाल लागल्याशिवाय पुढचे ग्रुप मोजून काही उपयोग नाही. कारण तुम्ही बॅरल तपासत नाही आहात, बसवणं तपासताय.

आधी बोल्ट (मागची सरकती दांडी) काढा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, गोळी नाही ना ते डोळ्याने बघा, मग बोटाने खात्री करा, मगच स्क्रूला हात लावा. बॅरल काढल्यावर ॲक्शनच्या आतली बैठक, म्हणजे बॅरलची शेपटी जिथे टेकते तो खांदा, बॅटरीच्या उजेडात बघा. पॉईंट टूटूच्या गोळीला मेणचट वंगण असतं, ते आणि न जळलेल्या दारूचे कण मिळून काळा लगदा होतो आणि तो बरोबर त्या कोपऱ्यात जाऊन बसतो. कानात घालायची कापसाची काडी घ्या आणि फिरवून बघा, काळी निघाली तर समजा. तिथे एक कण राहिला तरी बॅरल पूर्ण मागे टेकत नाही, आणि मग नुसता ग्रुपच नाही, गोळीच्या बुडाच्या कडेला मागून आधार कमी पडतो, फायरिंग पिन हलकी लागते, मिसफायर होतो, म्हणजे गोळी उडतच नाही. बोल्ट बंद करताना हाताला नेहमीपेक्षा वेगळं लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही.

आणि स्क्रू कशाने आवळता? नुसत्या एल-कीने हाताच्या अंदाजाने आवळत असाल तर सकाळचा हात वेगळा आणि दुपारचा वेगळा. टॉर्कवाला (ठरवलेल्याच जोराने आवळणारा) पाना आणा, कंपनीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच लावा, दुसऱ्या कोणाचा ऐकू नका. आधी सगळे स्क्रू हलके टेकवायचे, बॅरल मागे दाबून धरायचं, मग आळीपाळीने थोडे थोडे.

प्राजक्ता_थ्रीपी:
काका खूप खूप धन्यवाद. हो, एल-कीनेच आवळत होते 😔 आज संध्याकाळी उघडून बघते.

लांबचा_शॉट_न्यूरेम्बर्ग:
मी मूळ कोल्हापूरचा, आता जर्मनीत, इथल्या गावच्या क्लबात सात वर्षं पॉईंट टूटू मारतोय. (इथे बदलीच्या बॅरलला स्वतंत्र शब्दच आहे, वेक्सेललाउफ, आणि त्याचीही परवान्यावर नोंद लागते.) आर्मरर काकांनी सांगितलं ते पहिलं करच, मी आकड्यांबद्दल बोलतो.

प्राजक्ता, तुझे चारही ग्रुप बेरीज करून बघ. जुनं १२+१३+१६+१० म्हणजे ५१. नवीन ११+१७+९+१४ म्हणजेही ५१. दोन्हीची सरासरी १२.७५, तंतोतंत सारखी! सरांनी ९ बघितला, मैत्रिणीने १७ बघितला, दोघांनीही नशीब बघितलं. पाच शॉटच्या ग्रुपचा आकार मुळातच फार उड्या मारतो, तीच रायफल तीच गोळी तोच माणूस असला तरी. तुझ्या सरासरीवरून हिशोब केला तर एकेका ग्रुपमध्ये साडेतीन मिमी इकडे तिकडे होणं अगदी रोजचं आहे, म्हणजे ९ पण आणि १६ पण. चार-चार ग्रुप मारून दोन बॅरलमधला फरक खरा म्हणायचा तर सरासरीत जवळजवळ ५ मिमीचं अंतर पडायला हवं.

तीन शॉटचे ग्रुप तर मारूच नकोस, लोक इंटरनेटवर तीन शॉटचा सुंदर ग्रुप टाकतात आणि खाली वा वा होते, पण त्याच रायफलचा दहा शॉटचा ग्रुप सरासरीने दीडपटीहून मोठा येतो, आणि पाचच्या ग्रुपपेक्षा साधारण पाव पट मोठा. म्हणून दहाचे मार. बालेवाडीला इलेक्ट्रॉनिक टार्गेट मिळालं तर अजून उत्तम, प्रत्येक शॉटची जागा मिळते, मग टोकाच्या दोन शॉटमधलं अंतर मोजत बसण्यापेक्षा सगळ्या शॉटचं ग्रुपच्या मध्यापासूनचं सरासरी अंतर काढ, त्यात एकही गोळी वाया जात नाही कारण प्रत्येक शॉट हिशोबात येतो. कागदावरच मोजणार असशील तर एक गोष्ट, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून ५.६ (गोळीचा मिमीतला व्यास) वजा करतात बरेच जण, पण कागद मागे दबतो आणि भोक ५.६ पेक्षा लहान दिसतं. बाजूला एकच शॉट मारून त्या भोकाचं माप घे आणि ते वजा कर.

आता दुसरं. जुनं बॅरल किती वाजता मारलंस आणि नवीन किती वाजता?

प्राजक्ता_थ्रीपी:
जुनं साडेसातला, नवीन अकराच्या सुमारास. सर म्हणत होते आधी ओळखीचं बॅरल संपवून टाक.

लांबचा_शॉट_न्यूरेम्बर्ग:
मग नवीनच्या वाट्याला वारा आणि ऊन दोन्ही आलं ना. ५० मीटरवर पॉईंट टूटूला सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवतो तेवढा, ५-६ मिमी ढकलतो. तुझ्या टार्गेटवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. म्हणजे झुळुकेचा हिशोब बॅरलच्या नावावर लागला. दोन वेगळ्या सकाळी कर, एका दिवशी जुनं आधी, दुसऱ्या दिवशी नवीन आधी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आता. दोन्ही बॅरलला एकाच लॉटची गोळी देणं दिसायला बरोबर वाटतं, पण तो न्याय नाही. तो लॉट तू जुन्या बॅरलसाठी निवडलेला असणार ना? पॉईंट टूटूमध्ये प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते, एकाच कंपनीची एकाच नावाची गोळी, नुसता लॉट बदलला तरी ग्रुप बदलतो. उगाच नाही गोळ्या बनवणाऱ्या एलीने बर्मिंगहॅमला आणि लापुआने इथे जर्मनीत शोनेबेकला टेस्ट सेंटर उघडलेत. मी शोनेबेकला गेलो होतो, तिथे रायफल स्टॉकमधून काढतात, बॅरल आणि ॲक्शन जड पकडीत घट्ट बांधतात, बंद बोगद्यात दहा-दहा शॉट, स्क्रीनवर लगेच ग्रुप, लॉट बदलायचा, परत दहा. माझ्या बॅरलने तिथे एका लॉटला इतका गोळा करून ग्रुप दिला की मी नुसता बघत राहिलो आणि पुढच्याच लॉटला, डबा तोच, रंग तोच, तो पसरला. ते डोळ्यासमोर झालेलं असल्यामुळे मी हे इतकं ठासून सांगतोय.

लॉट बदलताना पहिले १०-१५ शॉट मोजायचे नाहीत, आधीच्या गोळीचं वंगण नळीतून जाऊन नव्याचं बसायला तेवढे लागतात. आणि साफसफाई केल्यावरचे पहिले काही पण नाहीत.

गगनबावडा_नेमबाज:
वरच्या दादांनी झकास सांगितलंय, मी फक्त त्या ९ मिमी सरकण्याबद्दल लिहितो कारण माझंही असंच झालं होतं आणि मी दोन महिने घाबरून होतो.

झीरो (नेम आणि शॉट जुळतात ती जागा) सरकणं आणि अचूकता बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझी मागची साईट ॲक्शनवर आणि पुढची साईट बॅरलवर. बॅरल बदललं की पुढची साईटच बदलली. दोन साईटमधलं अंतर ८० सेमी धरलं तर पुढची साईट ०.१ मिमी जरी वेगळ्या जागी बसली तरी ५० मीटरवर ६ मिमीहून जास्त फरक. त्यामुळे ९ मिमीने बॅरल बदनाम होत नाही, डायॉप्टर (म्हणजे मागची साईट) फिरवायचा आणि प्रत्येक बॅरलला किती क्लिक फिरवला ते वहीत लिहून ठेवायचं. बघायचं काय, तर तेच बॅरल काढून परत घातल्यावर ग्रुपचा मध्य त्याच जागी येतो का. दहा मार, काढ, घाल, दहा मार, असं तीनदा. दहा शॉटच्या ग्रुपचा मध्य नुसत्या नशिबानेसुद्धा एक-दीड मिमी हलतो, त्यामुळे २ मिमीपर्यंत मनावर घेऊ नको. ५-७ हलला तर मात्र काका म्हणतात ते, बैठक किंवा स्क्रू. आणि बॅरल घालताना किंचित गोल फिरलं तर पुढची साईट तिरकी होते, छोटी पातळीची काचनळी मिळते ती लाव.

कोणी म्हणेल एवढ्या मिलीमीटरचं काय घेऊन बसलात. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये थ्री पीचं (थ्री पोझिशनचं) ब्राँझ मिळालं, क्वालिफिकेशनला ६०० पैकी ५९०, सातवा नंबर. आपलाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ वर अकरावा. आठ जण फायनलला जातात. एक पॉईंट. साठ शॉटमध्ये एक गोळी केसभर बाहेर.

आर्मरर_सातारा:
बरोबर आहे. दहाच्या रेषेला गोळीची कड टेकली तरी दहा धरतात ना, म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पाहिजे. मग बेंचवर तुमची रायफल आणि गोळी मिळून १६ मिमीचा ग्रुप देत असेल तर सगळा दहा रायफलनेच खाल्ला, उभ्याने मारताना तुमच्या हलण्याला जागाच उरली नाही.

प्राजक्ता_थ्रीपी:
(अठरा दिवसांनी) आले परत, मधे परीक्षा होती.

काका, तुमचे हात जोडून आभार. कापसाची काडी अक्षरशः काळी निघाली, आणि खांद्याच्या खालच्या कोपऱ्यात मेणासारखा एक पापुद्रा होता, नखाने निघाला, नखाच्या पांढऱ्या भागाएवढा पण नसेल. नवीन बॅरल त्यावरच टेकत होतं इतके दिवस. टॉर्कचा पाना एका सीनियर ताईंनी वापरायला दिला. सफाईच्या आधी मुद्दाम काढून घालून बघितलं होतं, मध्य ७ मिमी हलला. सफाई आणि पान्यानंतर तीनदा केलं, सगळ्यात जास्त १.८. मला तर त्या दिवशी संध्याकाळी नुसतं ते तीन कागद एकमेकांवर ठेवून उजेडात बघत बसावंसं वाटत होतं.

मग तीन लॉट गोळा केले, माझा जुना अ, आणि क्लबमधल्या दोघांकडून ब आणि क. प्रत्येक बॅरलला प्रत्येक लॉटचे दहाचे पाच ग्रुप, म्हणजे मोजायचे ३०० आणि वंगण बसवायचे वेगळे, जवळजवळ आठ डबे गेले, बाबा काही बोलले नाहीत पण चेहरा दिसत होता. चार सकाळी, साडेसहा ते साडेआठ, वाऱ्यासाठी रेंजवर पातळ रिबिनी लावून. सरासरी अशा आल्या: जुनं बॅरल अ ला १६.१, ब ला १७.४, क ला १६.८. नवीन बॅरल अ ला १५.३, क ला १६.०, आणि ब ला ११.८!!

न्यूरेम्बर्ग दादा, जुन्या बॅरलला जो लॉट सगळ्यात वाईट तोच नवीनला सगळ्यात चांगला. मी फक्त अ लॉटवर थांबले असते तर दोन्ही सारखीच आहेत म्हणून नवीन बॅरल कपाटात ठेवून दिलं असतं.

लांबचा_शॉट_न्यूरेम्बर्ग:
क्या बात है!! मनापासून आनंद झाला. एक करशील का, सहा जोड्यांमधून सगळ्यात चांगली उचलली की त्यात थोडं नशीब मिसळलेलं असतंच, म्हणून फक्त नवीन बॅरल आणि ब लॉट असे अजून पाच ग्रुप वेगळ्या दिवशी मार. १३ च्या आसपास आला तरी खूश राहा. आणि तो लॉट ज्यांच्याकडून घेतलास त्यांच्याकडे किती शिल्लक आहे ते आजच विचार, संपला की संपला, पुढच्या डब्यावर नंबर वेगळा असणार.

प्राजक्ता_थ्रीपी:
मारले काल. १२.६. त्यांच्याकडे ब लॉटचे अकरा डबे आहेत, नऊ द्यायला तयार झालेत. लायसन्सच्या नोंदीचं वगैरे सरांशी बोलून सोमवारी आणते. डायॉप्टरचे क्लिक दोन्ही बॅरलचे वहीत लिहिलेत, आणि बॅगेत कापसाच्या काड्यांची डबी.

आर्मरर_सातारा:
स्पर्धेच्या आदल्या दिवशी बॅरलला हात लावू नका ताई. आठवडाभर आधी बसवा, पान्याने आवळा, स्क्रूच्या डोक्यावर आणि ॲक्शनवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसेल.

प्राजक्ता_थ्रीपी:
आईची लाल आहे, आत्ताच ओढते 🙏