विषय: पुन्हा: पुन्हा: तुऑलमी – कॅथीड्रलला एका दोरावर तिघं चालतील का?

मिलिंद (मंगळवार, रात्री ११:२०)

मंडळी, नावं सहा आली, लीड करणारे, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणारे, दोनच, मी आणि नीताताई. म्हणजे एका दोरावर तिघं. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या, बाकी सगळं मागच्या मेलमध्ये आहे, परत विचारू नका.

शनिवारी योसेमिटीत तुऑलमीचं कॅथीड्रल पीक, साउथईस्ट बट्रेसची वाट, ५.६, म्हणजे दोराच्या चढाईत सोपी श्रेणी. रविवारी रस्त्यालगतचं काहीतरी छोटं आणि घर. दोर माझा एक ६० मीटरचा, नीताताईंचा एक.

ता. क. मंडळाचा मोठा स्टोव्ह कोणाकडे आहे? दिवाळी पहाटनंतर दिसलेला नाही.

नीता (बुधवार, सकाळी ६:४५)

मिलिंद, नाही चालणार. एका ६० मीटरच्या दोरावर तिघं म्हणजे मधला माणूस दोराच्या मध्यावर बांधायचा, मग पिच, म्हणजे एका अँकरपासून पुढच्या अँकरपर्यंतचा टप्पा, ३० मीटरच्या वर नेताच येत नाही. तिथे पाच-सहा पिच आहेत, त्याच्या दहा-बारा होतील. कातळात कायमचे ठोकलेले बोल्टचे अँकर नाहीत, दर वेळी फटीत नट आणि कॅम अडकवून आपणच अँकर उभा करायचा आणि मागच्याने सगळं काढत यायचं. दोन दोर घेऊन लीड करायचं आणि खालच्या दोघांना थोडं अंतर ठेवून एकदमच वर घ्यायचं, हे जमतं, वेळही फार जात नाही. पण मग दोन टोळ्यांना चार दोर हवेत. वर दोघांना एकदम बेले करायचा, म्हणजे दोघांचे दोर सांभाळायचा, सरावही हवा. तो आपल्यातल्या कोणी केलाय?

त्यात शनिवार. मधल्या चिमणीपाशी, म्हणजे अंग घुसवून चढायच्या भेगेपाशी, हमखास रांग असते. भिंत रुंद आहे, बाजूने वाट काढता येते, पण पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर आलेल्या सेकंडला, म्हणजे मागून चढणाऱ्याला, घेऊन मी ते करणार नाही. दुपारी ढग भरून आले तर दोरावरून उतरायला आयते रॅपल अँकर नाहीत, आपलंच सामान कातळात सोडून यावं लागतं. एक-दीड वाजता सगळे माथ्यावरून खाली वळलेले हवेत.

श्रुती (बुधवार, सकाळी ९:१०)

मला फक्त अ‍ॅप्रोचबद्दल बोलायचंय, म्हणजे पायथ्यापर्यंतच्या चालीबद्दल. मागच्या महिन्यात सांगितलं होतं की गाडीतून उतरलं की कातळ. कॅथीड्रलला पायथ्यापर्यंतच दीड-दोन तास चढ आहे, तोही दोर आणि सामान पाठीवर घेऊन. ह्याला छोटा अ‍ॅप्रोच कोण म्हणतं? तनाया लेकसमोर स्टेटली प्लेझर डोम आहे, पार्किंगमधून रस्ता ओलांडला की पाच-दहा मिनिटांत पायथा. तिथे ग्रेट व्हाइट बुक ही वाट ५.६ आहे. तेच करू या ना.

अण्णा (बुधवार, सकाळी १०:३०)

श्रुती, दीड-दोन तास म्हणजे छोटाच गं. लिंगाण्याला आम्ही रात्रभर चालून पायथा गाठायचो आणि मग खरं काम सुरू. नागफणीला एका दोरावर पाच-पाच जण गेलेले मी पाहिलेत, तेव्हा ना फ्रेंड्स म्हणजे तुमचे कॅम होते, ना दोघांना एकदम बेले करायचं हे गाइड मोड. पेग म्हणजे खिळा ठोकायचा, नारळ फोडायचा आणि निघायचं. कॅथीड्रलवर १८६९ मध्ये जॉन म्यूर एकटा गेला, दोराशिवाय. तुम्ही मेलवरच दमताय.

मिलिंद (बुधवार, दुपारी १२:०५)

अण्णा, म्यूर मागच्या सोप्या बाजूने गेला होता, ज्या बाजूने आपण उतरणार आहोत. आणि त्याला सोमवारी सकाळी नऊची मीटिंग नव्हती.

प्रसाद (बुधवार, दुपारी १:४०)

चिटणीस या नात्याने लिहितो आहे. ही ट्रिप मंडळाची नाही. मंडळाच्या विम्यात दोर लावून चढणं बसत नाही, हे कार्यकारिणीत दोनदा सांगून झालं आहे. तेव्हा कृपया विषयात मंडळाचं नाव घालू नये, बॅनर नेऊ नये, माथ्यावरचा फोटो मंडळाच्या पानावर टाकू नये. गेल्या वेळच्या फोटोवरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

श्रुती (बुधवार, दुपारी १:५२)

प्रसाद, विषयात मंडळाचं नाव नाहीच आहे.

अण्णा (बुधवार, दुपारी २:१५)

बॅनर मी नेला होता, आणि परत नेईन.

नीता (बुधवार, रात्री ९:३०)

अण्णा, नागफणीला बोल्ट आणि पेग असतात, मोजून त्याच जागी थांबायचं असतं. इथे तसं नाही.

श्रुती, ग्रेट व्हाइट बुकचा आकडा ५.६ आहे म्हणून फसू नकोस. फट रुंद होत जाते, सामान लागतं ते लांब लांब अंतरावर. सेकंडला त्रास नाही, पण लीड करणाऱ्याला मधे पडून चालत नाही. त्या डोमवर, म्हणजे घुमटांवर, पकडायला काही नसतं, नुसतं घर्षण. बुटाचा तळ पूर्ण टेकवायचा, टाच खाली आणि श्वास वर. सह्याद्रीत घसारा आणि सुटे दगड यांची सवय असलेल्या माणसाला हा गुळगुळीत ग्रॅनाइट पहिल्या दिवशी जास्त घाबरवतो. कॅथीड्रल त्या मानाने प्रेमळ आहे. कातळातून फेल्डस्पारचे बोटभर खडे बाहेर आलेत, हाताला आणि पायाला काही ना काही सापडतंच.

छोटंच हवं असेल तर लेंबर्ट डोमवरचं नॉर्थवेस्ट बुक्स. तेही ५.६, तीन पिच, पार्किंगपासून दहा-पंधरा मिनिटं, फटी चांगल्या. तिथे तिघांचा दोर चालतो, कारण पाऊस आलाच तरी गाडी दिसत असते.

नीलेश (बुधवार, रात्री १०:१५)

सातवा मी येतो, आणि लीड करू शकतो, ५.७ पर्यंत आरामात. पण शनिवारी सकाळी ढोलाचा सराव आहे. दुपारी निघालो तर रात्री नऊ-दहापर्यंत कॅम्पवर पोचेन. कॅथीड्रल रविवारी ठेवा, लीड करणारे तीन होतील, तिघांचा प्रश्न एकाच दोरापुरता उरेल.

वैशाली (बुधवार, रात्री १०:२१)

नीलेश, सराव संपल्यावर ताशे आणि कमरेचे पट्टे स्टोरेजमध्ये लावून जायचं आहे, ते तूच कबूल केलं आहेस. गणपती पंधरा दिवसांवर आले आणि दुसऱ्या रांगेतले अर्धे लोक अजून तिसऱ्या हाताच्या ठेक्याला चुकताहेत. डोंगर कुठे पळून जात नाहीत.

नीलेश (बुधवार, रात्री १०:२४)

लावतो आणि मग निघतो, वैशालीताई.

डॉ. मंजिरी (गुरुवार, सकाळी ७:००)

नीलेश, शनिवारी दुपारपर्यंत समुद्रसपाटीवर ढोल बडवायचा, पाच तास गाडी चालवायची, ८,६०० फुटांवर अर्धवट झोप काढायची आणि पहाटे उठून १०,९०० फुटांवर दुसऱ्याला लीड करून न्यायचं? डोकं दुखेल, मळमळेल, आणि ते चौथ्या पिचवर कळेल. बाकीचे शुक्रवारी रात्रीच जाताहेत, त्यांना निदान एक दिवस मिळतो. यावरून मागे टायोगा पासला जे झालं ते लक्षात असेल. पाणी भरपूर प्या, आणि पहिल्या रात्री अण्णांची सरबराई नको.

अण्णा (गुरुवार, सकाळी ७:४०)

सरबराई म्हणजे कोकम सरबत होतं.

मिलिंद (गुरुवार, दुपारी १२:३०)

बरं, आता असं:

शनिवारी सगळे लेंबर्टला, नॉर्थवेस्ट बुक्स, तिघांच्या दोन टोळ्या. वेळ उरला तर तनाया लेकच्या काठी बेले आणि अँकरचा सराव. रविवारी कॅथीड्रलला दोनच जोड्या, मी आणि नीताताई, प्रत्येकी एक सेकंड. पहाटे पाचला पार्किंगमधून पाय उचलायचे. नीलेश उरलेल्या दोघांना घेऊन लेंबर्टलाच, तीच वाट, आरामात उशिरा. त्याचं डोकं दुखलं तर तिघांनी गवतात लोळावं. तनाया पीक कोणी सुचवू नका. ५.५ आहे, सोपं आहे, पण चौदाएक पिच आहेत आणि रविवारी परत गाडी चालवायची आहे.

कॅथीड्रलला सेकंड कोण ते शनिवारी लेंबर्टवर पाहून ठरवू. सामान कोण पटापट काढतं त्यावर.

श्रुती (गुरुवार, दुपारी १२:४४)

म्हणजे परीक्षा. मी आत्ताच सांगते, मला लेंबर्ट दोनदा चालेल, गुडघा आहे माझा. माझी जागा ओंकारला द्या, तो विचारायला लाजतोय.

ओंकार (गुरुवार, दुपारी १२:५१)

लाजत नव्हतो, पण हो.

प्रसाद (गुरुवार, दुपारी ३:००)

परत सांगतो, बॅनर नको.

नीता (गुरुवार, रात्री ८:५५)

खाण्याचं तेवढं नक्की करा. धपाटे आणि भडंग मी आणते, रविवारी वाटेत तेच. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचा एकही डबा ठेवायचा नाही, सगळं लोखंडी पेटीत, टूथपेस्टसकट. अस्वल काच फोडतं आणि वर दंड आपल्याला. परतताना ली व्हायनिंगच्या गॅस स्टेशनवरचे फिश टाको कोणी सुचवतील, तर ते उलट्या दिशेला आहे, टायोगा पास उतरून जायचं आणि परत चढायचं. शनिवारी संध्याकाळी जा हवं तर.

अण्णा (गुरुवार, रात्री ९:१०)

शनिवारी संध्याकाळी मी नेतो, माझ्या गाडीत चार मावतात. मी चढणार नाही, पायथ्याशी खुर्ची टाकून बसेन.

वैशाली (गुरुवार, रात्री ९:३२)

मिलिंद, स्टोव्ह ढोलांच्या स्टोरेजमध्ये आहे, ताशांच्या मागे. नीलेश शनिवारी ते लावायला जाणारच आहे, येताना घेऊन येईल. पण तुम्ही शुक्रवारी रात्रीच पोचणार ना? मग शनिवारी सकाळच्या चहाचं तुमचं तुम्ही बघा.